सीटच्या पाइपावरच्या खुणा

[दृश्य : इमारतीचा जिना. जिन्याखाली चादर टाकलेली एक सायकल.]

चौदा महिने ही सायकल इथे उभी होती. अंगावर जुनी सोलापुरी चादर. धूळ बसू नये म्हणून टाकलीय, असं मी घरात सांगितलं होतं. पण येता-जाता ती माझ्या नजरेला पडायला नको होती, हे खरं कारण.

चादर काढली तेव्हा दोन्ही चाकं बसलेली होती. सायकल जागची हलली नाही तरी ट्यूबमधली हवा हळूहळू जातेच. चेनवर तांबूस गंज धरला होता. हँडलच्या उजव्या टोकाची टेप फाटली होती आणि त्या फाटीत डांबराची एक बारीक खडी रुतून बसली होती. ती खडी अजून तिथेच आहे. मी काढलेली नाही.

[दृश्य : सिंहगडाचा घाटरस्ता, पावसाळी ढग.]

ही खडी या रस्त्यावरची. जून महिना, पहिला पाऊस नुकताच पडून गेलेला. सहा वर्षं दर रविवारी मी गडावर यायचे. पहाटे पाचला घर सोडायचं, खडकवासल्याला चहा, मग डोणजे, गोळेवाडी आणि पुढे चढ. वर गेल्यावर मटक्यातलं दही. उतारावर तर प्रत्येक वळण पाठ होतं.

पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते. घाटात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं, मलाही होतं. तरी मी वळणाच्या आधी वेग कमी केला नाही. ऐन वळणात, सायकल कललेली असताना, पुढचा ब्रेक दाबला. पुढचं चाक सटकलं आणि मी उजव्या खांद्यावर आपटले. आत काहीतरी मोडल्याचा आवाज माझा मलाच ऐकू आला.

गडावर चालत निघालेल्या दोन मुलींनी ओढणीने हात गळ्यात बांधला. जीपवाल्या दादांनी सायकल टपावर टाकली आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. त्या तिघांची नावंही मी विचारली नाहीत, याची आजही चुटपुट लागते.

खांद्यापासून गळ्यापर्यंत जाणारं हाड, ज्याला आपण गळपट्टीचं हाड म्हणतो, ते मोडलं होतं. शस्त्रक्रिया लागली नाही. सहा आठवडे हात झोळीत. त्यानंतर व्यायाम सुरू झाले. वाकून हात लंबकासारखा सोडायचा आणि हलवायचा. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, जिथवर हात जाईल तिथे पेन्सिलने खूण करायची.

[दृश्य : स्वयंपाकघराची भिंत, पेन्सिलच्या बारीक रेघा जवळून.]

या रेघा पुसू दिल्या नाहीत मी, दिवाळीच्या रंगकामातही नाही. सगळ्यात खालची रेघ ओट्याच्या उंचीची. वरची कपाटाच्या कडेला. मधलं अंतर दोन महिन्यांचं.

हाड जुळलं. फोटो बघून डॉक्टर म्हणाले, छान. घरचे म्हणाले, चला, आता मार टांग! मीही टांग मारली. आणि जे कोणालाच दिसलं नाही ते इथून सुरू झालं.

पहिल्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी ब्रेक दाबायची वेळ आली आणि पोटात गोळा आला. बोटं ब्रेकवर होती, पण दाबली जाईनात. मी पाय खाली टेकवून थांबले. घरी आले आणि सीट खाली केली. दोन्ही पाय पूर्ण जमिनीला टेकतील इतकी खाली. बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी आणखी थोडी खाली.

तीन आठवड्यांत उजवा गुडघा पुढून दुखायला लागला. आधी फक्त चढावर, मग जिना उतरताना, मग मांडी घालून बसल्यावर उठताना. मला वाटलं, वय झालं. एकोणपन्नास पूर्ण होत होती. आधी खांदा, आता गुडघा. शरीरच नको म्हणतंय, असं मी ठरवून टाकलं. सायकल जिन्याखाली गेली आणि तिच्यावर चादर पडली.

[दृश्य : खिडकीतून दिसणारा रस्ता, रविवारची सकाळ.]

या चौदा महिन्यांत मला प्रेरणा द्यायचा खूप लोकांनी प्रयत्न केला. मनापासून केला, म्हणून कोणावर राग नाही. सगळ्यात जास्त वेळा ऐकवली गेली ती आनेमिक फान फ्लोइटेनची गोष्ट. नेदरलँड्सची सायकलपटू. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रस्त्यावरच्या शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढे होती, शेवट जवळ आला होता, आणि ओल्या उतारावर एका वळणात ती कोसळली. पाठीच्या मणक्यांना तीन ठिकाणी इजा झाली, मेंदूला धक्का बसला. पाच वर्षांनी टोकियोत तिने रस्त्याच्या शर्यतीत रौप्य मिळवलं आणि तीनच दिवसांनी वेळेविरुद्धच्या शर्यतीत सुवर्ण.

ती चित्रफीत मी कितीदा पाहिली असेल! दर वेळी डोळे भरून यायचे. आणि दर वेळी मी सायकलला हात न लावता झोपायला जायचे. तिच्यासाठी माझ्या मनात फार आदर आहे. पण ती पडली तेव्हा तिच्यामागे संघ होता, प्रशिक्षक होते, तो तिचा पेशा होता. माझी सायकल नुसती उभी राहिली तर कुणाचंच काही अडणार नव्हतं. मला अडवणारी गोष्टही वेगळी होती. माझ्या फोनमध्ये माझ्याच जुन्या वेळा होत्या. गोळेवाडी ते गाडीतळ, अमुक मिनिटं. पुन्हा सुरुवात करायची म्हणजे त्या वेळा नोंदवणाऱ्या बाईशी शर्यत लावायची, आणि ती बाई अजून पडलेली नव्हती.

एका गोष्टीने मात्र खरंच धीर दिला, ती इथे सांगायलाच हवी. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला एक प्रयोग झाला. वीस वर्षं वयाच्या पाच निरोगी तरुणांना २० दिवस अंथरुणावर झोपवून ठेवलं. शरीराची प्राणवायू वापरण्याची जी कमाल क्षमता असते, ती तेवढ्या दिवसांत पाव हिश्शाहून जास्त घसरली. नंतर व्यायामाने ती भरून आली. खरी गंमत पुढे आहे. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावलं. पन्नाशीला आलेले, वजन वाढलेले. तपासणीत दिसलं की तीस वर्षांच्या वयाने त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त त्या २० दिवसांच्या झोपून राहण्याने केलं होतं! मग सहा महिने त्यांनी चालणं, हळू धावणं, जागेवरची सायकल असं थोडं थोडं वाढवत नेलं. क्षमता पुन्हा विशीतल्या पातळीला आली.

हे कळलं तेव्हा मी एकोणपन्नास वर्षांची होते आणि वय झालं, हे माझं उत्तर माझ्या हातातून निसटलं. तरी जिन्याखाली जायला पाय उचलले नाहीत, हेही खरं. शेवटी ठरवलं, विकून टाकू.

[दृश्य : कसबा पेठेतलं सायकल दुरुस्तीचं छोटं दुकान. छताला टांगलेले टायर, पाण्याची घमेली.]

विकायची तर निदान चालती हवी, म्हणून या दुकानात आणली. काकांनी हवा मारली, चेनला तेल दिलं, चाकं फिरवून पाहिली. मग मागे सरकून सायकलकडे बघत राहिले.

“ताई, मधे दुसरं कोणी चालवत होतं का ही?”

“नाही काका. मीच.”

“मग सीट एवढी खाली कोणी केली?”

मी काही बोलले नाही. ते पाइप पुसत होते. जुन्या उंचीला पाइपावर एक फिकट गोल खूण होती, वर्षानुवर्षं कसलेल्या पट्टीची. आत्ताची सीट तिच्यापासून चार बोटं खाली. काकांनी त्या चार बोटांवर बोट ठेवलं आणि विचारलं, “पडला होतात का?”

चौदा महिन्यांत हे मला पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं होतं. खांद्याबद्दल सगळ्यांनी विचारलं होतं, गुडघ्याबद्दल विचारलं होतं. भीतीबद्दल कोणी विचारलं नव्हतं, कारण मी ती कोणाला दाखवलीच नव्हती. ती सीटच्या पाइपावर दिसत होती.

त्यांनी मला भिंतीला धरून सीटवर बसवलं. टाच पॅडलवर ठेवायला सांगितली, पॅडल अगदी खाली. टाच टेकलेली असताना गुडघा सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला की गुडघ्याला थोडासा बाक उरतो, तेवढाच हवा. माझा गुडघा टाच टेकूनही चांगला वाकलेला होता. सीट खाली असली की प्रत्येक फेरीत गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीवर दाब येतो. पुढून दुखणाऱ्या गुडघ्याचं हे अगदी नेहमीचं कारण.

मी म्हटलं, मग करा वर. काकांनी मान हलवली. “एकदम नको. आज बोटभर. पुढच्या आठवड्यात या, मग अजून बघू.”

[दृश्य : डेक्कन, झेड ब्रिज, नारायण पेठ. सकाळची रहदारी.]

तर मला पुन्हा सायकलवर बसवलं ते या वायद्याने. पुढच्या मंगळवारी कसब्यात जायचं होतं. एरंडवण्यातून डेक्कन, झेड ब्रिजने नदी ओलांडायची, नारायण पेठेतून शनिवारवाड्याकडे. जेमतेम चार-पाच किलोमीटर. ही राइड नव्हती, काम होतं. फोन घरी ठेवला. येताना मंडईत थांबले, कोथिंबीर आणि वांगी घेतली, पिशवी हँडलला अडकवली. पिशवी हँडलला असली की माणूस आपोआप हळू चालवतो.

माझे वडील सदाशिव पेठेतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सायकलने जायचे. पावसात, थंडीत, तापातून उठल्यावरही. भोंगा व्हायच्या आत पोचायचं एवढंच त्यांच्या डोक्यात असे. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते अशा माणसांमुळे. घड्याळ लावून डोंगर चढणारे आम्ही फार नंतर आलो. मंडईतून परत येताना मला वडिलांच्या डब्याची पिशवी आठवली, त्यांच्या हँडललाही अशीच उजवीकडे असायची. मी रस्त्याच्या कडेला थांबून डोळे पुसले आणि मग पुढे निघाले.

शिरस्ता पडला. दर मंगळवारी बोटभर, कधी अर्धं बोट. घरी गुडघ्याचे व्यायाम, पाय सरळ ठेवून उचलायचे, दहा-दहा वेळा. नवीन हेल्मेट घेतलं. आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी आतला फोम एकदा दबला की तो दुसऱ्यांदा मार झेलत नाही. कॉलनीच्या मोकळ्या मैदानात ब्रेकचा सराव केला, दोन्ही ब्रेक, वळणाच्या आधी, सरळ चालत असताना. शंभरदा केला असेल. चौकीदार काका आधी हसायचे, नंतर दगड मांडून वळण आखून द्यायला लागले.

गुडघा दोन महिन्यांत शांत झाला. सायकलवाल्यांच्या ग्रुपवरचे संदेश मी पुन्हा उघडून वाचायला लागले, तेव्हा कळलं की जावंसं वाटायला लागलंय. नक्की कोणत्या दिवशी, ते सांगता येत नाही.

[दृश्य : सीटचा पाइप अगदी जवळून. नेलपॉलिशच्या लाल खुणा.]

टेप सरकते, म्हणून खुणा नेलपॉलिशने केल्या. एकूण सात. आठवी ती जुनी फिकट गोल खूण. सीट आज सातवीवर आहे. मधे अर्ध्या नखाइतकी जागा राहिली आहे.

[दृश्य : सिंहगड घाट, उतार. कोरडा रस्ता, डिसेंबरचं ऊन.]

गेल्या रविवारी वर गेले होते. वेळ मोजली नाही. तीनदा थांबले, एकदा करवंदाच्या जाळीपाशी नुसती बसून राहिले. वर दही खाल्लं.

उतरताना ते वळण आलं. बरंच आधी वेग कमी केला, तरी बोटं पुन्हा ताठ झाली. मी थांबले. उतरले. सायकल हातात धरून वळण चालत पार केलं, कडेकडेने.

मागून एक पोरगा भरधाव आला, मला बघून थांबला. “काकू, पंक्चर का? पंप आहे माझ्याकडे.”

“नाही रे बाळा, हवा आहे. तू जा. पुढे सावकाश घे, खडी आहे.”

तो गेला. वळण संपलं तिथे मी टांग मारली.