पाण्याखालचे दोन फूट

(दृश्य: यार्ड. क्रेनच्या पट्ट्यांत लटकलेली लांबलचक बोट. तळातून पाणी निथळतंय.)

मार्च महिना. इंग्लंडातल्या ग्रँड युनियन कालव्याच्या काठचं एक यार्ड. क्रेनच्या दोन पट्ट्यांवर लटकलेली दिसतेय ती आमची बोट. ५७ फूट लांब, ६ फूट १० इंच रुंद, वजन पंधरा-सोळा टन. ही अशी हवेत असते तेव्हा मालकाने खाली उभं राहून काही बोलायचं नसतं. बोलवतही नाही.

आपल्याकडे कालवा म्हणजे शेतीचं पाणी. नीरेचा डावा कालवा, पुण्यातून जाणारा मुठेचा उजवा कालवा. त्यात पोरं डुंबतात, बोट कोणी घालत नाही. इंग्लंडात कालवे खोदले ते माल वाहायला. १७६१ मध्ये ब्रिजवॉटरच्या ड्यूकने आपल्या खाणीतला कोळसा मँचेस्टरकडे न्यायला कालवा काढला. त्या कामावरचा इंजिनियर जेम्स ब्रिंडली पुढे मिडलंड्समधले, म्हणजे मध्य इंग्लंडातले कालवे आखायला गेला. तिथे त्याने लॉकची, म्हणजे बोट वर-खाली करणाऱ्या हौदाची, रुंदी साधारण ७ फूट धरली, आणि बोटीची रुंदी कायमची ठरून गेली. आज या बोटींवर कोळसा नाही, माणसं राहतात. पण आमचं अख्खं घर अजून ब्रिंडलीच्या मापात बसतं. स्वयंपाकघरात एकजण कणीक मळत असेल तर दुसऱ्याने पोटात श्वास ओढून पलीकडे जायचं.

अशी बोट घ्यायची म्हटलं की लोक आधी आत शिरतात. शेगडी बघतात, पडदे बघतात, पलंग बघतात. साहजिक आहे. पण पैसे ज्याचे मोजायचे ते पाण्याखालच्या दोन फुटांत असतं, आणि ते बोट बाहेर काढल्याशिवाय दिसत नाही.

(दृश्य: जवळून. पत्र्यावर अंगठ्याचं नख.)

हे बघा. पाण्याच्या रेषेवर, जिथे हवा आणि पाणी दोन्ही लागतं, तिथे नारिंगी पट्टा उठलाय. त्यातला एक फुगा नखाने दाबला की पापुद्रा सुटतो. आत मसुरीच्या डाळीएवढा खड्डा. एक खड्डा म्हणजे काही नाही. असे शंभर असले तर मात्र मोजमाप लागतं.

हल्लीच्या बोटीत तळाचा पत्रा साधारण १० मिलिमीटर, बाजूंचा ६ आणि वरच्या खोलीचा ४. सर्व्हेअर येतो तो हातात हातोडी घेऊन. बाजारात मडकं वाजवून घेतात तसा तो बोट वाजवत जातो. टण् वाजलं की पुढे. आवाज बसका आला की थांबतो, तिथला रंग खरवडतो आणि अल्ट्रासाउंडचं यंत्र लावून जाडी मोजतो. आकडा ४ च्या खाली गेला की विमा कंपनी कुरकुरायला लागते. मग जुन्या पत्र्यावर नवा पत्रा वेल्ड करा, त्याचा खर्च करा, आणि बोटीचं वाढलेलं वजन आयुष्यभर ओढा. विकणारा म्हणेल, गेल्या वर्षीचा रिपोर्ट आहे की! तो रिपोर्ट त्याने त्याच्यासाठी काढलेला. तुमचा सर्व्हेअर तुम्ही आणा, त्याचे पैसे तुम्ही द्या. या व्यवहारात तेवढाच एक माणूस तुमच्या बाजूचा असतो.

आता डांबर. दर दोन-तीन वर्षांनी बोट बाहेर काढायची, प्रेशरच्या पाण्याने शेवाळ आणि शिंपले उडवायचे, सुटलेला गंज खरवडायचा आणि डांबरी रंगाचे दोन-तीन हात द्यायचे. पाण्याच्या रेषेवर एक जादा. इपॉक्सी रंगाचा थर याहून बराच जास्त टिकतो, पण त्याला पत्रा अगदी उघडा, कोरा करून घ्यावा लागतो. जुन्या डांबरावर इपॉक्सी फासलं तर पैसे कालव्यातच गेले.

(दृश्य: बोटीच्या बाजूला वेल्ड केलेले, झिजून खडबडीत झालेले ठोकळे.)

हे ठोकळे मॅग्नेशियमचे. यांना ॲनोड म्हणतात. गोड्या पाण्यात पोलादाच्या आधी हे झिजतात, म्हणजे बोटीच्या वाटचा मार हे खातात. त्यामुळे यांच्यावर डांबर लावायचं नाही. पहिल्या वर्षी मी यांनाही छान काळं करून ठेवलं होतं. यार्डातले म्हातारबाबा आले, बघितलं, आणि काही न बोलता तारेचा ब्रश माझ्या हातात ठेवून गेले.

काठावरची वीज घेत असाल तर आणखी एक गोष्ट. प्लग लावला की अर्थिंगच्या वायरने तुमची बोट शेजारच्या सगळ्या बोटींना जोडली जाते. पाणी तर मध्ये आहेच. झाली एक मोठी बॅटरी! मग तुमचे ॲनोड शेजाऱ्याची बोट वाचवायला खर्ची पडतात, आणि ते संपले की तुमचा पत्रा. गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाची एक छोटी पेटी मध्ये बसवली की हे थांबतं. बोटीच्या खर्चात ती किरकोळ आहे, तरी कितीतरी बोटींवर नसते.

(दृश्य: बोट कालव्यातून चालली आहे. मागे उभा राहून माणूस दांडा धरून आहे.)

चालवणं त्या मानाने सोपं. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल, आणि बांधलेल्या बोटींजवळून त्याहूनही हळू. नाहीतर खिडकीतून एक डोकं बाहेर येतं आणि आपला उद्धार करतं. ब्रेक नाही. रिव्हर्स टाकला की सुकाणू ऐकत नाही. समोरून बोट आली की उजवीकडे सरायचं, आणि तेही डावीकडून गाड्या हाकणाऱ्या देशात! लंडन ते बर्मिंगहॅम हा ग्रँड युनियनचा मार्ग १३७ मैलांचा, वाटेत १६६ लॉक. मैल आणि लॉक यांची बेरीज करून तासाला तीन धरायचे, असा बोटवाल्यांचा हिशेब. रोज सात तास चाललात तर पंधरवडा. रेल्वे दीड तासात पोचवते.

लॉक म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातला जलपाश. दोन दरवाजांमधला हौद. बोट आत घ्यायची, झडपा उघडून पाणी भरायचं किंवा सोडायचं, आणि बोट वर किंवा खाली. अरुंद लॉकच्या एका फेरीला लाखभर लिटर पाणी खर्ची पडतं. हे सगळं हाताने, एल आकाराच्या एका लोखंडी हँडलने.

(दृश्य: लॉकच्या भिंतीवर पांढरी रेघ. पाणी उतरतं तसा तिच्या मागे दगडी कट्टा उघडा पडतो.)

ही पांढरी रेघ नीट बघा. लॉक भरलेलं असतं तेव्हा वरच्या दरवाजाखालचा उंबरा पाण्यात बुडालेला असतो. खाली उतरताना पाणी ओसरतं, आणि बोटीचं मागचं टोक रेघेच्या मागे राहिलं असेल तर ते उंबऱ्यावर टेकतं. पुढचं टोक मात्र पाण्याबरोबर खाली जात राहतं. पंधरा टनांची बोट तिरकी होते आणि पुढच्या दारातून पाणी आत घेते. बोट बुडायला मग काही मिनिटं पुरतात. म्हणून झडपेवरच्या माणसाने फोन बघायचा नाही, बोटीकडे बघायचं. बोट जराही अडकल्यासारखी वाटली तर आधी खालच्या झडपा बंद, मग वरच्या हळूहळू उघडून पाणी पुन्हा वर आणायचं. हा क्रम आमच्या दारामागे मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. दोरही घट्ट बांधून ठेवायचा नाही. पाणी खाली जातं आणि बोट दोराला टांगली जाते.

(दृश्य: इंजिनाजवळचं लोखंडी झाकण. बाही वर केलेला हात कोपरापर्यंत पाण्यात.)

बोट ढकलणारा पाण्यातला पंखा अडकला की हे झाकण उघडायचं. आधी इंजिन बंद, किल्ली खिशात. खिशात म्हणजे स्वतःच्याच. लंडनमधल्या साउथॉल या भारतीय वस्तीजवळ एकदा बोट अशी ओढायला लागली जणू मागे म्हैस बांधलीय. हात घातला तर बोटांना कापड लागलं. पाऊण तास पावाच्या सुरीने कापत बसलो. बाहेर आलं ते हिरवं नायलॉन आणि त्याला जरीचा काठ. साडी! त्या भागातल्या बोटवाल्यांना याचं नवल नाही. तिथे पाण्यात नारळही तरंगताना दिसतात, आपल्याच मंडळींनी वाहिलेले. बायको म्हणाली, "काठ चांगला होता रे."

गंमत बाजूला. ते झाकण परत नीट बसवलं नाही तर फिरता पंखा पाणी थेट इंजिनाच्या खोलीत उपसतो. चालत्या बोटी बुडतात त्या अशा कारणांनी. झाकण आवळा, इंजिन हळू सुरू करा, आणि टॉर्च मारून कडेने पाणी येतंय का बघा.

इंजिन हा भाग मी थोडक्यात उरकतो, कारण ज्याला इंजिन कळतं त्याला सांगायला नको. तेल साधारण अडीचशे तासांनी, कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे. थंडीत डिझेलची टाकी भरलेली ठेवा. रिकाम्या जागेत दव धरतं आणि त्या पाण्यात जंतूंची चिकट साय माजते, ती फिल्टर बंद पाडते.

संडास. बोटवाले दोघे भेटले की तिसऱ्या मिनिटाला या विषयावर येतात. मोठी टाकी असेल तर यार्डात पैसे देऊन उपसून घ्यायची. पेटीचा असेल तर वीसेक लिटरची पेटी स्वतः ठरलेल्या ठिकाणी नेऊन रिकामी करायची, पावसातसुद्धा. पेटी बरी, असं माझं मत. टाकी भरली आणि कालवा गोठला तर काय कराल?

हिवाळ्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं. डिसेंबरात दिवस आठ तासांचा आणि सूर्य झाडांच्या मागे. छतावरचे सोलर पॅनल नावालाच. लेड-ॲसिड बॅटऱ्या निम्म्याखाली उतरवल्या की लवकर मरतात. मग इंजिन चालवून चार्ज करायच्या, पण शेजारी बोटी असतील तर रात्री ८ ते सकाळी ८ इंजिन चालवायचं नाही. चार दिवस बोट सोडून जाणार असाल तर पाण्याचा पंप बंद करून नळ उघडे ठेवा, गीझरमधलं पाणी काढून टाका. पाईप गोठताना फुटतो, पण कळतं ते बर्फ वितळल्यावर. आणि कालव्यावर बर्फ असेल तर घरी बसा. बर्फाची धार डांबर खरवडून नेते, स्वतःच्या बोटीचं आणि शेजारच्याही.

(दृश्य: लोखंडी शेगडी, काचेमागे निखारे.)

कोळशाची शेगडी पेटलेली असली की बोट घरासारखी उबदार होते. धोकाही तिथेच. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. थंडी वाजते म्हणून दारावरच्या हवेच्या जाळ्यांत बोळे कोंबणारे आहेत, आणि विझत आलेली बार्बेक्यूची शेगडी उबेला आत घेऊन झोपलेले परत उठलेले नाहीत. अलार्म २०१९ पासून बोटीच्या सुरक्षा तपासणीत सक्तीचा आहे. दर आठवड्याला त्याचं बटण दाबून बघा.

ही तपासणी दर चार वर्षांनी. ती, विमा आणि परवाना, हे तीन कागद हवेतच. इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २,००० मैल जलमार्ग कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट सांभाळतो, परवाना बहुतेक तिथूनच. बोटीला कायमची जागा नसेल तर १९९५ च्या कायद्याने एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. दोन पुलांच्या मध्ये मागे-पुढे करणं याला फिरणं धरत नाहीत. एप्रिल २०२४ पासून अशा फिरत्या बोटींना परवान्यावर जादा आकारही आहे. लंडनचं घरभाडं परवडत नाही म्हणून बोट घेणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा. शाळेत जाणारी मुलं असतील तर दोनदा मांडावा.

(दृश्य: पुन्हा यार्ड. ताजं काळं डांबर. क्रेन बोट हळूहळू पाण्यात उतरवते. पट्टे अजून बोटीखालीच आहेत.)

डांबर वाळलंय. बोट पाण्यात टेकली, पण क्रेनवाला पट्टे सोडत नाही. मी आत उतरतो, मागची फळी उचलतो, टॉर्च लावतो. पंख्याचा दांडा जिथून बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारी ग्लँड आहे. विहिरीवरच्या पंपाची असते तशीच, दोरीचं पॅकिंग आणि वर ग्रीस. दांडा फिरत असताना अधूनमधून एखादा थेंब चालतो. इंजिन बंद असताना नको.

खाली वर्तमानपत्राचा कागद ठेवतो. एक डाग पडतो. मग दुसरा. ग्रीसची टोपी हाताला जड लागेपर्यंत पिळतो. नवा कागद ठेवतो.

"सोडू का?" वरून क्रेनवाला विचारतो.

"थांब जरा."

दोन मिनिटं. पाच मिनिटं. कागद कोरडा.

"सोड."