वार पडली आणि चप्पल निसटली

नमस्कार श्रोतेहो. आज मल्टिपल स्क्लेरोसिसविषयी, म्हणजे एमएसविषयी. यात आपल्याच संरक्षक पेशी मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडतात. बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट दिसतो.

माझ्या मावसबहिणीला तो आहे. तिच्या आजाराची खूण म्हणजे चप्पल. उजवी चप्पल पायातून निसटायची आणि तिला पत्ता नसायचा. चप्पल जिन्यात, बाईसाहेब वर! मग तिला दिवस गेले. आम्ही सगळे धास्तावलो. पण सातव्या महिन्यात, डोहाळजेवणाला, हिरवी साडी सावरत ती दोन जिने चढून आली. दोन्ही चपला पायात. सासूबाई म्हणाल्या, नाचणीच्या सत्त्वाचा गुण. बारसं झालं, पाहुण्यांची रीघ लागली. बाळंतिणीला झोपू न देणारे पाहुणे हा माझ्या मते वेगळाच रोग आहे, असो. दीड महिन्याने ती बाळाला लस टोचायला निघाली. रिक्षा सुरू झाली आणि रिक्षावाला म्हणाला, "ताई, तुमची चप्पल खालीच राहिली."

हे तिचं एकटीचं नव्हे. १९९८ साली युरोपातल्या १२ देशांतल्या २५४ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणाआधी दर दहा जणींमागे वर्षाला सात झटके, म्हणजे आजार अचानक उसळण्याचे प्रसंग. शेवटच्या तिमाहीत, त्याच हिशेबाने, दोन. बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत बारा! पुन्हा सांगते: सात, दोन, बारा.

कारण पुष्कळसं वारेत आहे. बाळाला पोसणारी वार एस्ट्रिऑल नावाचं हार्मोन भरपूर बनवते. बाळ निम्मं बापाचं, म्हणजे आईच्या पेशींना परकंच. त्यांनी त्याच्यावर तुटून पडू नये म्हणून हार्मोन्स हल्लेखोर टी पेशींना शांत करतात, आवर घालणाऱ्या पेशींना बळ देतात. त्यात मज्जातंतूंचंही फावतं. वार पडली की काही दिवसांतच हार्मोन उतरतं. लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी एस्ट्रिऑलची गोळी १६४ रुग्ण बायकांच्या चाचणीत तपासली. झटके कमी दिसले, पण ते अजून रोजच्या उपचारात आलेलं नाही. तेव्हा कुणी आपल्या मनाने हार्मोनच्या गोळ्या घेऊ नका.

दुसऱ्या खेपेला बहीण आठव्या महिन्यातच डॉक्टरांकडे गेली आणि बाळंतपणानंतर एमएसचं औषध कधी सुरू करायचं, ती तारीख लिहून घेऊन आली. येताना मागे पट्टा असलेल्या सँडल घेतल्या.