चाकं टेकल्यानंतरचा वारा

(दृश्य : केळीची बाग, बांधावर शेवरीची दाट रांग)

मे-जूनचं वादळ खान्देशातली उभी केळी एका दुपारीत आडवी करतं. म्हणून शेतकरी बांधाला शेवरी, गजराज गवत लावतो. धावपट्टीला असा आडोसा करता येत नाही. तिच्या कडा मोकळ्याच ठेवाव्या लागतात.

जळगाव, धुळे, शिरपूर. इथे पोरं-पोरी विमान उडवायला शिकतात.

(दृश्य : धावपट्टी, वाऱ्याची दिशा दाखवणारी फुगलेली कापडी नळी, विंडसॉक)

जळगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम. नैऋत्येकडून २० नॉटचा, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरचा वारा आला, तर त्यातला सुमारे १४ नॉट जोर विमानाला आडवा लागतो. सेस्ना १७२ या छोट्या प्रशिक्षण विमानाच्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्याचा आकडा आहे १५ नॉट. पण तो चाचणी वैमानिकाने उतरवून दाखवलेला. नुकत्याच सोलोला, म्हणजे एकटीने उडायला, निघालेल्या मुलीने तो आपला समजू नये.

खाली येताना नाक वाऱ्याकडे थोडं वळवून ठेवतात, तापी पोहून जाणारा प्रवाहाच्या वरच्या अंगाला तोंड धरतो तसं. टेकायच्या आधी रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, पायाने दाबून नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचं, वाऱ्याकडचा पंख जरा खाली ठेवायचा. मग त्या बाजूचं चाक आधी टेकतं. तसंच टेकायला हवं. नाक तिरकं राहिलं, तर सगळा ताण बाजूने चाकांवर येतो.

खरा घात याच्या पुढे होतो. चाकं टेकली, की विद्यार्थ्याला वाटतं, उतरलो. हात सैल पडतो. तेवढ्यात वारा शेपटीचा उभा पंख ढकलतो, नाक वाऱ्याकडे फिरतं, वाऱ्याकडचा पंख उचलतो आणि विमान धावपट्टी सोडून मातीत शिरतं. वेग उतरतो तशी एलेरॉनची, म्हणजे पंखांवरच्या हलत्या पट्ट्यांची, ताकद घटते. म्हणून हातातला कंट्रोल वाऱ्याच्या बाजूला आणखी वळवत न्यायचा, विमान मंद होईपर्यंत. पाय रडरवर जागे हवेत.

टेकण्याआधी रेषा सुटलीच, तर पूर्ण पॉवर द्यायची आणि पुन्हा चक्कर मारायची. अशा चक्करीला कुणी ‘लँडिंग हुकलं’ म्हणू नये. मी तर तिला शाबासकीच देईन.

(दृश्य : सकाळ, रांगेत उभी प्रशिक्षण विमानं)

व्यावसायिक परवान्याला २०० तास उड्डाण लागतं. सकाळच्या निवांत हवेत तास भराभर जमतात. पालकांनी शाळेला जरूर विचारावं : यातले वाऱ्यातले किती? आणि त्या वेळी शेजारी प्रशिक्षक होता का?