आधी बायस, मग आवाज: डायनाको स्टिरिओ ७० पुन्हा उभा करताना

आजचा जाहीर केलेला विषय आहे जुन्या ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज परत कसा आणायचा. त्याकडे येतोच, पण आधी बायस सप्लायबद्दल, म्हणजे ट्यूबच्या ग्रिडला उणे व्होल्टेज देऊन तिचा करंट आवरणाऱ्या भागाबद्दल बोलू द्या. तो धड नसेल तर आवाज ऐकण्यापुरत्याही ट्यूब शिल्लक राहत नाहीत.

उदाहरणाला डायनाकोचा स्टिरिओ ७० घेऊ. डेव्हिड हाफलर यांच्या फिलाडेल्फियातल्या कंपनीनं तो १९५९मध्ये आणला. दोन्ही चॅनेलना ३५-३५ वॉट. चार ईएल३४ आउटपुट ट्यूब, त्यांना चालवायला दोन ७१९९ आणि रेक्टिफायरला, म्हणजे एसीचा डीसी करायला, जीझेड३४. बहुतेकांनी तो सुट्या भागांचं किट घेऊन घरीच जोडला, त्यामुळे आतलं सोल्डरिंग कुणाच्या हातचं आहे हे कळायला मार्ग नाही. प्रत्येक सांधा भिंगातून बघा.

आता माझी तक्रार. ‘पूर्ण दुरुस्त केलेला’ म्हणून जे अ‍ॅम्प्लिफायर विकायला येतात, त्यांत नव्या ईएल३४ असतात, महागडे कपलिंग (एका टप्प्याचा सिग्नल पुढच्या टप्प्याला देणारे) कॅपॅसिटर असतात, वरून सगळं लख्ख असतं. चेसिस उलटी केली की दिसतो बायस सप्लायचा मूळचाच सेलेनियम रेक्टिफायर आणि शेजारी बायसचे ५० मायक्रोफॅरडचे दोन जुने इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर! ईएल३४ला आवरून धरतो तो ग्रिडवरचा उणे ३५च्या आसपासचा व्होल्टेज. सेलेनियमचा अंतर्गत रोध वयानुसार वाढतो, कॅपॅसिटर सुकतात आणि हा उणे व्होल्टेज हळूहळू शून्याकडे उतरत जातो. तो उतरला की ट्यूबमधला करंट चढतो. ईएल३४च्या प्लेटची मर्यादा २५ वॉट. त्यापुढे प्लेट लाल होते. प्रायमरीतला ३ अँपिअरचा फ्यूज अशा वेळी उडेलच याची खात्री नाही. ट्यूब एकवेळ नवी मिळेल, पण तिच्यामागे ए-४७० आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळला तर या अ‍ॅम्प्लिफायरचं सर्वस्वच गेलं. हे वाचवायला एक १एन४००७ डायोड आणि १०० मायक्रोफॅरड, १०० व्होल्टचे दोन कॅपॅसिटर पुरतात. एवढ्यासाठी हात आखडू नका.

बसवताना चुका होतात त्या दिशेच्या. हा सप्लाय उणे आहे, म्हणून कॅपॅसिटरची धन बाजू चेसिसला. डायोडचा पट्टा ट्रान्सफॉर्मरकडे. सिलिकॉन डायोडमध्ये सेलेनियमपेक्षा कमी व्होल्टेज वाया जातो, त्यामुळे बायस आधीपेक्षा काही व्होल्ट जास्त उणे होईल. बायसचे दोन पॉट (फिरवून जुळवायचे रेझिस्टन्स) नव्यानं लावावेच लागतील.

मग सगळ्या ट्यूब काढा, जीझेड३४सुद्धा, आणि १०० वॉटच्या सिरीज बल्बवर (वीजपुरवठ्याच्या वाटेत जोडलेल्या साध्या बल्बवर) अ‍ॅम्प्लिफायर चालू करा. आपल्याकडे २३० व्होल्ट, हा यंत्रसंच ११७ व्होल्टचा, म्हणून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. बल्ब त्याच्या २३०च्या बाजूला. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लख्खच राहिला तर बंद करून शॉर्ट शोधा. आपल्या ५० सायकलच्या (हर्ट्झच्या) विजेवर ट्रान्सफॉर्मरचा गाभा जास्त तापतो, तेव्हा स्टेप-डाउन ११० व्होल्टच्या वर नको.

आता प्रत्येक ईएल३४ सॉकेटच्या ५ नंबर पिनवर मीटर धरा. ट्यूब नसतानाही बायस इथे आलाच पाहिजे. दोन्ही पॉट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आकडा मध्येच उडी मारत असेल तर पॉट बदला. वायपरचा, म्हणजे पॉटच्या सरकत्या टोकाचा, संपर्क सुटला की बायस गेला. आणि जीझेड३४च्या सॉकेटवर ४ आणि ६ नंबर पिनना या वेळीही ३६० व्होल्ट एसी असतो. एक हात खिशात ठेवा.

संयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा उरलेलं भराभर.

फिल्टरचा चौकडी डबा, म्हणजे डीसी गुळगुळीत करणारे चार कॅपॅसिटर एकाच डब्यात, मूळचा ३०-२०-२०-२० मायक्रोफॅरड, ५२५ व्होल्ट. नवा डबा मोठ्या क्षमतेचा घेतलात तरी जीझेड३४च्या लगेच पुढचा भाग ६० मायक्रोफॅरडच्या वर नको, रेक्टिफायर मरतो. जुना डबा व्हेरिअ‍ॅकनं (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरनं) हळूहळू जागवू, असं म्हणतात. पण जीझेड३४चा फिलामेंट तापल्याशिवाय पुढे डीसी जातच नाही. सरळ बदला. तिथल्या ६.८ आणि २२ किलोओहमच्या रेझिस्टन्सचं मूल्यही तपासा.

चारही कपलिंग कॅपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्ट फिल्मचे टाका. जुने गळके असतील तर ग्रिडवर धन व्होल्टेज येतो आणि वर सांगितलेलं सगळं पुन्हा घडतं. ड्रायव्हर बोर्ड उष्णतेनं तपकिरी झालेला असतो. सोल्डरिंग आयर्न रेंगाळलं तर बोर्डवरचा तांब्याचा ट्रॅक उचलला जातो. फेज स्प्लिटरचे (सिग्नलच्या दोन उलट्या प्रती करणाऱ्या टप्प्याचे) ४७ किलोओहमचे दोन रेझिस्टन्स एकमेकांशी जुळले पाहिजेत. दोन्ही ४८ असले तरी चालेल, एक ४५ आणि एक ५० नको. ७१९९ आता दुर्मीळ. ६जीएच८ए चालते, पण तिच्या पिना वेगळ्या, अडॅप्टर हवाच.

शेवटी बायस लावणं. मूळ पद्धतीत दोन ट्यूबच्या कॅथोडला मिळून एकच १५.६ ओहम, त्यावर १.५६ व्होल्ट म्हणजे जोडीला १०० मिलिअँपिअर. ताज्या टॉर्चच्या सेलवर तेवढाच आकडा येतो, म्हणून घरच्या मीटरलाही पडताळा मिळे. पण एक ट्यूब ७० आणि दुसरी ३० ओढत असेल तरी बेरीज बरोबरच दिसते! म्हणून प्रत्येक कॅथोडला वेगळा १० ओहम, १ टक्क्याचा रेझिस्टन्स घाला आणि ०.४० ते ०.४५ व्होल्टवर थांबा. आउटपुटला ८ ओहमचा लोड जोडलेला हवा. अर्ध्या तासानं पुन्हा मोजा, दिवे मालवून प्लेटकडे बघा, मगच स्पीकर लावा.