दोन चेलो आणि उशिराचं जेवण

नमस्कार श्रोतेहो.

लंडनला गेलेलं आपलं माणूस अल्बर्ट हॉल हमखास बघून येतं. पाच हजारांवर माणसं मावतात तिथे, बघावाच. पण माझी मैत्रीण मला घेऊन गेली विगमोर हॉलला. जेमतेम साडेपाचशे खुर्च्या. बेखश्टाइन या जर्मन पियानो कंपनीनं आपल्या दुकानाशेजारी तो बांधला, १९०१ साली उघडला. पहिल्या महायुद्धात शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त झाला, लिलावात गेला आणि १९१७ मध्ये नव्या नावानं पुन्हा सुरू झाला.

निघताना मी म्हटलं, आधी जेवून घेऊ या. ती म्हणाली, "अगं, पोटभर जेवून शूबर्ट ऐकायला बसलीस तर दुसऱ्या भागात घोरशील." मग सँडविचवर भागवलं.

कार्यक्रमात होतं ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टचं तंतुवाद्यांचं पंचक, म्हणजे पाच वाद्यांसाठीची रचना. दोन व्हायोलिन, एक व्हायोला म्हणजे जरा मोठं, खालच्या सुराचं व्हायोलिन, आणि दोन चेलो, म्हणजे त्याहून मोठी, बसून गुडघ्यांत धरून वाजवायची खर्जातली वाद्यं. मोझार्टनं पंचकासाठी दुसरा व्हायोला घेतला होता, शूबर्टनं दुसरा चेलो घेतला. रचना १८२८ सालची. त्याच नोव्हेंबरात तो गेला, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. जाहीर मैफलीत ती पहिल्यांदा वाजली १८५० मध्ये!

अशा मोजक्या वादकांच्या संगीताला चेंबर म्युझिक म्हणतात. त्याला ना संचालक, ना माइक. इशारा असतो तो श्वासाचा. तिसऱ्या रांगेतून पहिल्या व्हायोलिनवादकानं नाकानं घेतलेला श्वास मला स्वच्छ ऐकू आला, आणि पाचही गज एकदम तारांवर टेकले. आपल्याकडे तबलजी गवयाच्या तोंडाकडे बघतो ना, तसं बघणं इथे पाचही जणांचं सतत चालू असतं.

दुसरा भाग फार संथ. मधली तीन वाद्यं लांबच लांब सूर धरून बसतात. खाली दुसरा चेलोवाला गज न वापरता नुसत्या बोटानं तार छेडतो. एक स्वर, मग थांबणं, मग पुन्हा एक. श्रोतेहो, माझं लक्ष वर सुरावटीकडे राहिलंच नाही, त्या बोटाकडे गेलं. मधे वादळ उठतं, मग तीच सुरावट परत येते. पण आता याच चेलोच्या वाट्याला खालून धावपळ असते. वादळ अंगातून पुरतं गेलेलं नाही, हे आपल्याला तोच सांगतो. भाग संपला तरी टाळ्या नाहीत. तिथला रिवाज तसा. सगळे फक्त मनसोक्त खोकून घेतात. "वा" म्हणायची सोय नसल्यानं आपली मात्र पंचाईत होते.

घरी पोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते. भरल्या वांग्याची भाजी दुपारीच करून ठेवलेली होती. भाकऱ्या थापता थापता ती गुणगुणायला लागली आणि मधेच थांबली. "शेवट ऐकलास? षड्जावर यायच्या आधी सगळ्यांनी कोमल रिषभ केवढा जोरात लावला!" खरंच आहे. रचना सी मेजरमधली, आनंदात धावत सुटलेली, आणि अगदी शेवटी सगळे मिळून डी फ्लॅटवरून सीवर येतात. आपल्या कानाला तो कोमल रिषभच.

ती म्हणे, शूबर्टला मरण दिसत होतं. मी म्हटलं, एकतीस वर्षांचा पोरगा तो, खोडी काढली असेल. भाकरीचा तुकडा हातात सुकला तरी दोघींपैकी कुणी मागे हटेना.