डोंगराच्या मापाने बांधलेलं स्नानगृह

मित्रहो, स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन प्रांतात फाल्स नावाचं एक गाव आहे. समुद्रसपाटीपासून साधारण 1,250 मीटर उंचीवर, एका अरुंद दरीच्या तळाशी. वस्ती हजाराच्या आसपास. उतारावर कुरणं, घरांवर दगडी छपरं आणि जमिनीतून वर येणारं 30 अंशांचं कोमट पाणी. डोंगरात सामावून जाणाऱ्या वेलनेस हॉटेलविषयी बोलायला मला बोलावलंय, तर मी या गावापासूनच सुरुवात करतो. हा प्रश्न तिथे जितका कसून सोडवला गेलाय, तितका मला दुसरीकडे क्वचितच दिसला.

1960च्या दशकात या झऱ्याच्या भरवशावर तिथे एक मोठं हॉटेल उभं राहिलं. काँक्रीटच्या उंच इमारती, त्या काळच्या कुठल्याही शहरात शोभतील अशा. पुढे तो धंदा बुडाला आणि 1983मध्ये ग्रामपंचायतीने, म्हणजे गावानेच, ते सगळं विकत घेतलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं काम गावाच्या पैशाने आणि गावाच्या संमतीने झालेलं आहे. पीटर झुमथोर या वास्तुरचनाकाराकडे काम आलं तेव्हा संपूर्ण हॉटेल नव्याने बांधण्याचाही विचार होता. तेवढा पैसा नव्हता, म्हणून आधी फक्त स्नानगृह, म्हणजे झऱ्याच्या पाण्यात डुंबायच्या कुंडांची वेगळी इमारत, बांधायचं ठरलं.

झुमथोर सुताराच्या घरातले, स्वतः फर्निचरकाम शिकलेले. स्वतःचं ऑफिस काढण्याआधी त्यांनी याच प्रांताच्या वारसा-जतन खात्यात बरीच वर्षं नोकरी केली होती. डोंगरातली जुनी घरं कशी बांधली आहेत, दगड कसा बसवलाय, छप्पर बर्फ कसं पेलतं, हे त्यांना जवळून ठाऊक होतं.

त्यांच्यापुढची अडचण अशी: जुनं हॉटेल पाडायचं नव्हतं आणि त्याच्या खोल्यांसमोरचा डोंगर झाकायचा नव्हता. म्हणून स्नानगृह उतारात अर्धंअधिक गाडलं आणि वर गवत लावलं. खोलीच्या खिडकीतून पाहिलं तर समोर कुरण दिसतं आणि त्या कुरणात काचेच्या काही बारीक रेघा. या इमारतीला दर्शनी दरवाजाच नाही. हॉटेलमधून जमिनीखालच्या मार्गाने आत जायचं. दरीच्या बाजूला तेवढा दगडी चेहरा उघडा आहे, त्यात मोठमोठ्या चौकोनी मोकळ्या जागा.

पण हे स्नानगृह मातीखाली आहे म्हणून तिथलं वाटतं, असं मी म्हणणार नाही. छतावर गवत कुठेही लावता येतं. खरं काम भिंतीत आहे, म्हणून भिंतीपाशी जरा थांबू.

ही भिंत गावाजवळच्याच खाणीतल्या क्वार्टझाइटची आहे. करडा दगड, ओला झाला की हिरवट-निळसर छटा मारणारा. गावातल्या छपरांवरही हाच दगड आहे, आणि छप्पर दगडाचंच हवं असा तिथला बांधकाम नियम आहे. झुमथोरांनी तो लांब पट्ट्यांमध्ये कापून घेतला, सुमारे 60 हजार पट्ट्या. जाडी तीनच: 31, 47 आणि 63 मिलिमीटर. तिन्हींची बेरीज करा, मधले बारीक सांधे धरा, बरोबर 15 सेंटिमीटर होतात. या तीन पट्ट्या कुठल्याही क्रमाने रचा, दर 15 सेंटिमीटरला थर जुळणारच. त्यामुळे गवंड्याला क्रम बदलत राहण्याची मोकळीक मिळाली, भिंत एकसुरी झाली नाही, आणि पायरी, उंबरा, बाकडं यांची मापं त्याच हिशेबात बसली. आणखी एक गोष्ट. हा दगड काँक्रीटच्या भिंतीला बाहेरून चिकटवलेली लादी नाही. पट्ट्या आधी रचल्या आणि त्यांच्या पाठीशी काँक्रीट ओतलं. म्हणजे साच्याचं काम दगडानेच केलं, आणि दोन्ही मिळून भार घेतात.

आपल्यापैकी जे कोकणातले आहेत त्यांना हे पटकन समजेल. जांभ्याचा चिरा खाणीतून ज्या मापाने निघतो, त्यावर भिंतीची जाडी ठरते, खिडकीची रुंदी ठरते, जोत्याची उंची ठरते. कागदावर आधी नक्षा काढून मग चिरा शोधत कुणी फिरत नाही. आज आपण मात्र शंभर मैलांवरून आणलेल्या दगडाची पातळ कापं आरसीसीच्या भिंतीवर चिकटवतो आणि त्याला ‘स्थानिक बाज’ म्हणतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण हाताशी चिरेखाण असून तिचा हिशेब आपण शिकत नाही.

आत शिरल्यावर पहिल्या दालनात भिंतीतून पितळी नळ्या बाहेर येतात आणि झऱ्याचं पाणी काँक्रीटवरून खाली ओघळत राहतं. पाण्यात लोह आहे, म्हणून ओघळाच्या खाली तांबूस-पिवळे डाग पडलेत. दुसरा कुणी असता तर गंजाचा डाग दिसू नये म्हणून पाणी गाळून घेतलं असतं. इथे तो डाग पडावा अशीच रचना आहे. पुढे 14 अंशांचं गार कुंड आहे, 42 अंशांचं गरम कुंड आहे, बाहेर उघड्यावर एक तलाव आहे, तिथे हिवाळ्यात अंगावर बर्फ पडत असताना पाण्यात बसता येतं. छताचे वेगवेगळे तुकडे आहेत आणि दोन तुकड्यांमध्ये काचेने बंद केलेली फट. तिच्यातून उन्हाची एक रेघ दगडावर उतरते आणि दिवसभर सरकत राहते. बाकी अंधारच. इतका अंधार ठेवायला फार मोठं धैर्य लागतं. आपल्याकडे क्लायंट पहिल्याच बैठकीत दिव्यांची यादी मागतो.

डिसेंबर 1996मध्ये हे सुरू झालं आणि 1998मध्येच, म्हणजे दोन वर्षांत, प्रांताने त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. 2009मध्ये झुमथोरांना प्रित्झकर पुरस्कार, वास्तुरचनेतला सर्वांत मानाचा समजला जाणारा, मिळाला.

आता लाकडाचं एक उदाहरण, थोडक्यात. इटलीच्या दक्षिण टिरोलमध्ये लाना गावाच्या वर, साधारण 1,500 मीटरवर, मातेओ तून यांनी रचलेलं विजिलियुस हे हॉटेल 2003मध्ये सुरू झालं. पाहुण्याला तिथे गाडी नेता येत नाही. खालून केबल कारने यायचं, आणि ती केबल कार 1912ची, युरोपातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. या एका निर्णयाने काय वाचलं याचा विचार करा. डोंगरातल्या हॉटेलची सर्वांत मोठी जखम खोल्यांची नसते. ती पार्किंगची आणि तिथवर नेलेल्या रस्त्याची असते. इमारत लांबट आणि बसकी, बाहेर लार्च या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाच्या पट्ट्या. त्यांना रंग नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारा घटक, तुटतं, पाऊस ते धुऊन नेतो आणि लाकूड करडं, चंदेरी होत जातं. खोलीत झोपण्याची जागा आणि न्हाणी यांच्यामध्ये मातीची भिंत, आणि ती भिंतच खोली गरम करते.

पुन्हा फाल्सकडे येऊ, कारण तिथली गोष्ट 1996मध्ये संपत नाही. 2012मध्ये गावाने मतदान करून हॉटेल आणि स्नानगृह एका गुंतवणूकदाराला विकलं. स्वतः झुमथोर ज्या गटाच्या पाठीशी होते, त्याची बोली मागे पडली. 2015मध्ये त्याच परिसरात 381 मीटर उंच हॉटेल-मनोऱ्याचा प्रस्ताव जाहीर झाला, अमेरिकेतल्या मॉर्फोसिस या वास्तुरचना संस्थेचा. हजार वस्तीच्या गावात एवढा मनोरा! आणि समर्थन काय, तर त्याचं आवरण आरशासारखं असेल, आकाश आणि डोंगर त्यात उमटतील, म्हणून तो दरीत मिसळून जाईल. तो मनोरा उभा राहिलेला नाही. पण त्या युक्तिवादाकडे नीट पाहा. आरसा समोरच्या डोंगराला काहीच विचारत नाही. दगडाचं माप, पाण्यातलं लोह, उताराचा कल, यातलं काही त्याला ठाऊक असण्याची गरज नाही. तो दुबईतही असाच उभा राहिला असता. रस्ता, सांडपाणी, गरम पाण्याची वीज, रोजच्या धुण्याच्या चादरी हे सगळं त्याच्या पायाशी राहणारच होतं, ते काही आरशात विरघळत नाही.

सह्याद्रीत काम करणाऱ्यांना एवढंच सांगतो. पावसाळ्यात घसरणाऱ्या डोंगरावर आधी जेसीबी लावून सपाटी करायची आणि मग तिथे ‘निसर्गाशी एकरूप’ कॉटेज बांधायची, ही पद्धत तुम्ही रोज पाहता. पुढच्या आठवड्यात तुमच्या प्रोजेक्टचं परीक्षण आहे असं कळलं. दर्शनी चित्र शेवटी लावा. पहिल्या कागदावर उताराचा खरा छेद, म्हणजे डोंगर उभा कापल्यावर दिसेल तसं चित्र, काढा, समोच्च (समान उंचीच्या) रेषा मोजून. त्यात पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते दाखवा, गाड्या कुठे थांबतात, सेप्टिक टँक कुठे आहे, सर्वांत जवळची खाण किती अंतरावर आहे आणि तिथला दगड किती लांबीचा निघतो. खाणीवर स्वतः जाऊन, फूटपट्टी लावून आलात तर परीक्षक म्हणून मला आधी तेच बघायला आवडेल.