नदीकाठची भिंत रंगवण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

1995 साली चीनमधल्या चेंगदू शहरात नदीकाठी बर्फाच्या लाद्यांची रास रचली गेली. यिन शियुझेन या कलावतीनं नदीचंच गढूळ पाणी, दहा घनमीटर, उचलून गोठवलं होतं. शेजारी ब्रश आणि स्वच्छ पाणी ठेवलेलं. येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगणं एवढंच, की या आणि नदी धुऊन काढा. आणि लोक खरोखर बाह्या सरसावून बर्फ घासू लागले! आता बर्फ घासून नदी थोडीच स्वच्छ होते? लादी वितळणार, हे ब्रश धरणाऱ्यालाही कळत होतं. पण एरवी ज्या पाण्याकडे बघायचंही टाळावं, त्यालाच हात लावून माणसं उभी होती. माझ्या मते सगळी गंमत तिथे आहे.

हा उपक्रम घडवून आणला होता बेट्सी डेमन या अमेरिकी कलावतीनं. पुढे तीनच वर्षांत, 1998 साली, त्याच नदीकाठी एक बाग उभी राहिली. तिथे नदीचं पाणी वर उचलतात, आधी तळ्यात निवळू देतात, मग दगडी कुंड्यांतून खळाळत खाली सोडतात, पुढे पाणवनस्पतींच्या मुळांतून झिरपू देतात. शेवटी निवळशंख पाणी हाती येतं. नदीच्या मानानं ते अगदी थोडं, हे खरंच. पण पाणी कसं निवळतं ते कुणालाही काठाकाठानं चालत बघता येतं.

नद्या दुर्लक्षित होतात त्या काही लोक दुष्ट असतात म्हणून नव्हे. पूर येतो, शहर घाबरतं, भिंती बांधतं. रोममध्ये 1870च्या डिसेंबरात टायबर नदीचा मोठा पूर आला, त्यानंतर दोन्ही तीरांवर उंच दगडी भिंती चढल्या. पूर अडला, पण नदीही नजरेआड झाली. आणि जे दिसत नाही, त्यात सांडपाणी सोडायला कुणाचा हात कचरत नाही.

त्याच भिंतीवर 2016 साली विल्यम केंट्रिज या दक्षिण आफ्रिकी चित्रकारानं सुमारे अर्धा किलोमीटर लांबीचा चित्रपट्टा काढला. रंगाचा एक थेंबही न वापरता! वर्षानुवर्षांच्या शेवाळानं आणि धुरानं दगड काळे पडले होते. त्यांवर आकृत्यांचे भलेमोठे साचे लावले आणि भोवतालची काजळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊन काढली. साच्याखाली जी घाण उरली, तेच चित्र. उद्घाटनाला वाजतगाजत मिरवणूक निघाली, माणसांच्या सावल्या भिंतीवर नाचल्या आणि लोक चित्रासाठी पाण्यापर्यंत उतरले. आता भोवतालचा दगड पुन्हा काळवंडतो आहे, चित्र विरत चाललं आहे. ते तसंच व्हावं, असं ठरलेलंच होतं.

याउलट लॉस एंजेलिसची भिंत टिकायला काढलेली. 1938च्या पुरानंतर तिथली नदी आणि तिचे ओढे काँक्रीटमध्ये कोंडले गेले. अशाच एका ओढ्याच्या भिंतीवर ज्युडी बाका यांनी 1976पासून कॅलिफोर्नियाचा इतिहास रंगवायला घेतला. चारशेहून अधिक मुलं आणि तरुण त्यावर राबले, त्यांतली कित्येक मुलं पोलिसांच्या हाती लागून आलेली. ज्यांना पाठ्यपुस्तकात जागा नव्हती, अशांचा इतिहास त्यांनी रंगवला.

आता थोडं कडू बोलतो. नदीकाठची पुष्कळशी रंगरंगोटी म्हणजे वरून कीर्तन आतून तमाशा. भिंतीवर रंगीत मासे आणि दोन हातांवर मैलापाण्याचा पाइप धो धो वाहतोय. अशा चित्रानं लक्ष वेधलं जात नाही, उलट हटतं. दुसरी गोष्ट याहून वाईट: काठ देखणा झाला की तिथे वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनाच हुसकावलं जातं. म्हणून तुमच्या मंडळानं असं काही मनावर घेतलं, तर मासे धरणाऱ्यांना आणि काठावर राहणाऱ्यांना आधी विचारा. पाणी कुठवर चढतं, घाण कुठून येते, वास कधी सुटतो, हे त्यांना पाठ असतं. तो पाइप चित्रात घ्या, झाकू नका. भिंतीतली पाणी झिरपायची भोकं रंगानं बुजवू नका. मागच्या मातीतलं पाणी तुंबलं तर भिंतच फुगते. आणि ब्रश धुतलेलं पाणी, कृपा करून, नदीत ओतू नका.

उद्घाटनाचा मांडव मात्र वर रस्त्यावर घालू नका. माणसं खाली उतरली पाहिजेत. त्यासाठी जिना झाडावा लागेल, फाटकाचं गंजलेलं कुलूप उघडावं लागेल. त्याची किल्ली या खात्याकडे की त्या, यावरूनच टोलवाटोलवी सुरू होईल. मग पहिला अर्ज किल्लीचाच करा. रंग नंतर आणता येतील.

नमस्कार.